ताप उतरला म्हणून अण्णांना घरी न्यावे का?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: त्या नोकरीनिमित्त पुण्यात राहतात, आईवडील कोकणातल्या गावी असतात. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. त्यांचे वय ६७, मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि अनेक वर्षांची विडीची सवय अलीकडे सुटलेली. जूनच्या अखेरीस त्यांना जुलाब आणि ताप झाला. विडाल चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे टायफॉइड समजून गोळ्यांचे दोन कोर्स झाले, पण ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पुढे कंबर दुखू लागली, तेव्हा मणक्यांची झीज समजून शेक आणि वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. शेवटी शहरातल्या रुग्णालयात केलेल्या सीटी अँजिओग्राफीत पोटातील महाधमनीला, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली, एका बाजूने ४.१ सेंटिमीटरचा फुगा आणि त्याभोवती सूज दिसली, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये सालमोनेला जिवाणू वाढले. शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू केल्यावर आठवडाभरात ताप उतरला. आता एक शल्यविशारद पोट उघडून ऑपरेशन करावे असे सांगतात. दुसरे जांघेतून स्टेंट घालून चार दिवसांत घरी सोडू म्हणतात. नात्यातल्या एका डॉक्टरांचे मत असे की फुगा साडेपाच सेंटिमीटरहून लहान आहे, त्यामुळे आत्ता काहीच करू नये, गोळ्या घेत घरी राहावे आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. परदेशातील भाऊ स्टेंटच्या बाजूचा आहे, आई ऑपरेशनच्या नुसत्या उल्लेखाने खचते, आणि अण्णांना गणपतीला घरी जायचे आहे. त्यांना अजून 'पोटात थोडी सूज आहे' एवढेच सांगितलेले आहे. भगिनी विचारतात: तिघांपैकी कोणाचे ऐकावे, अण्णांना सगळे सांगावे का, आणि आमच्या हातून उशीर झाला का?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला थोडक्यात कळवले होते की कोणताही निर्णय होईपर्यंत अण्णांना घरी नेऊ नका. तो सल्ला आजही तसाच आहे, आणि तो का दिला हे आता सविस्तर लिहितो. मी अण्णांना तपासलेले नाही आणि त्यांचा सीटी माझ्यासमोर नाही. त्यामुळे तिघांपैकी एकावर मी शिक्का मारणार नाही, पण तिघांना कोणते प्रश्न विचारायचे आणि त्यांच्या उत्तरांचे वजन कसे करायचे हे मात्र नक्की सांगू शकतो.

तुमच्या पत्रात तीन मते जणू एकाच प्रश्नाची तीन उत्तरे असल्यासारखी आली आहेत: मोठे ऑपरेशन, लहान ऑपरेशन, की ऑपरेशनच नको. मला वाटते की या मतांच्या तळाशी वेगळाच मतभेद आहे, आणि तो आजार कोणता याविषयीचा आहे. अण्णांच्या महाधमनीला आलेला फुगा हा वयोमानाने हळूहळू सैल पडलेल्या भिंतीचा नेहमीचा फुगा आहे, की जिवाणूंनी भिंत पोखरल्यामुळे आलेला? पत्रातल्या माहितीवरून दुसरी शक्यता फार बळकट दिसते. तसे असेल तर उपचार फुग्याइतकाच संसर्गावरही करावा लागतो, आणि दोहोंपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तर दुसऱ्यावरचा उपचार वाया जाण्याची भीती असते.

हे कसे घडते ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. महाधमनीचे आतले अस्तर निरोगी असते तेव्हा रक्तातून जाणाऱ्या जिवाणूंना ते सहसा थारा देत नाही. मधुमेह, तंबाखू आणि वय यांमुळे त्या अस्तरावर चरबी व चुन्याचे थर साचतात, ते जागोजागी खरखरीत होते आणि तडकते. आतड्यातून रक्तात शिरलेला सालमोनेला अशा जागी चिकटतो. हा जिवाणू रोगट धमनीत घर करण्याबद्दल विशेष कुप्रसिद्ध आहे. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या व्यक्तींच्या रक्तात तो सापडतो, त्यांच्यापैकी काही अभ्यासांत दहात एकाच्या, तर काहींत चारात एकाच्याही धमनीत किंवा हृदयात संसर्ग आढळलेला आहे. जगभर पाहिले तर या आजारात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि सालमोनेला हे दोन जिवाणू पुढे असतात. पाश्चात्त्य देशांत पहिल्याचे प्रमाण जास्त, तर तैवानसारख्या पूर्व आशियाई प्रदेशांत दुसऱ्याचे. भिंतीत शिरलेला संसर्ग तिचे स्नायू आणि लवचीक तंतू काही आठवड्यांतच गाळून टाकतो, आणि उरलेला पातळ भाग रक्ताच्या दाबाने एका बाजूला पिशवीसारखा बाहेर येतो. तुमच्या अहवालातले 'एका बाजूने' हे शब्द आणि फुग्याभोवतीची सूज या दोन्ही गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. नेहमीचा फुगा बहुधा चहूबाजूंनी सारखा रुंदावतो आणि त्याच्या भिंतीत चुन्याची कड दिसते. संसर्गाचा फुगा वेडावाकडा, खोलगट असतो, भोवतालची चरबी धुरकट दिसते, क्वचित त्यात हवेचे बुडबुडे किंवा शेजारचा मणका पोखरलेलाही दिसतो, आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सीटी केला तर तो वाढलेला आढळू शकतो. अहवालावर कोणी 'मायकोटिक' (शब्दशः 'बुरशीचा') असे लिहिले असेल तर बुरशीच्या औषधांची चौकशी करत बसू नका, कारण हा बहुतेक वेळा जिवाणूंचाच संसर्ग असतो.

आता नात्यातल्या डॉक्टरांचा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत धीर देणारा आहे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा. साडेपाच सेंटिमीटरचा नियम खरा आहे आणि त्यामागे भक्कम अभ्यास आहेत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ४ ते ५.५ सेंटिमीटरचे फुगे असलेल्या लोकांवर लगेच ऑपरेशन करण्यापेक्षा ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहिले तरी चालते, असे दिसले. परंतु त्या चाचणीत कोण होते हे पाहायला हवे. ज्यांना काहीही लक्षण नव्हते, ज्यांचे फुगे वर्षानुवर्षे मंद गतीने वाढत होते, असे लोक त्यात होते. ताप, कंबरदुखी आणि रक्तात जिवाणू असलेला माणूस त्यात नव्हता. संसर्गाने पातळ झालेली भिंत किती सेंटिमीटरवर फुटेल याचे कोणतेही भरवशाचे मोजमाप नाही, ती चार सेंटिमीटरच्या आतही फुटते. त्यातून अण्णांची कंबर दुखते आहे, आणि ज्ञात फुगा असलेल्या माणसाची कंबरदुखी ही दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत फुग्याचीच मानावी, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी हा पर्याय मी तुमच्या यादीतून काढून टाकेन. नातेवाइकांशी वाद घालू नका. त्यांनी सांगितलेला नियम वेगळ्या आजाराचा आहे एवढेच त्यांना शांतपणे सांगा आणि कल्चरचा अहवाल दाखवा. बहुधा त्यांनाही तो दाखवला गेला नसेल.

त्यांच्या सल्ल्यातली एक गोष्ट मात्र ताबडतोब तपासून घ्या, ती म्हणजे घरी घ्यायच्या गोळ्या कोणत्या. सालमोनेलासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. या गटाला दाद न देणारे सालमोनेला भारतात भरपूर आढळतात ही एक अडचण. दुसरी अशी की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला आहे की महाधमनीचा फुगा असलेल्या किंवा तसा धोका असलेल्या रुग्णांना, दुसरा पर्याय असताना, ही औषधे देऊ नयेत, कारण त्यांचा संबंध महाधमनी फाटण्याशी दिसून आला आहे. कधी कधी कल्चर पाहिल्यावर पर्यायच उरत नाही आणि तज्ज्ञ विचारपूर्वक हेच औषध निवडतात, ते वेगळे. पण ते विचारपूर्वक निवडले आहे की केवळ सवयीने लिहिले आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ताप उतरला हे चांगलेच झाले. औषध जिवाणूला लागू पडत आहे आणि रक्तातली जिवाणूंची संख्या घटली आहे असा त्याचा अर्थ होतो. भिंत बरी झाली असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. भिंतीतल्या मृत पेशींत, गुठळीत आणि भोवतालच्या पुवात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे ताप नसतानाही फुगा वाढत राहू शकतो. रक्तातल्या सीआरपीचा (दाह दाखवणाऱ्या घटकाचा) आकडा आणि पांढऱ्या पेशींची संख्या दर दोनतीन दिवसांनी पाहिली जात आहे का, आणि पहिल्या सीटीनंतर दुसरा कधी करणार, हे विचारा. प्रकृती स्थिर असेल तर अनेक केंद्रांत काही दिवस ते दोनतीन आठवडे शिरेतून औषध देऊन संसर्ग शक्य तितका शमवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. माझ्या मते हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण ताप चालू असताना किंवा फुगा फुटल्यावर उपचार झालेल्या रुग्णांत संसर्ग मागे उरण्याचे प्रमाण जास्त दिसले आहे. पण हे थांबणे रुग्णालयातच व्हायला हवे, रक्तदाबावर लक्ष ठेवून, शस्त्रक्रियेचे पथक तयार ठेवून. या काळात वेदना वाढल्या, फुगा वाढला किंवा ताप परतला तर थांबण्याचे कारणच संपते आणि त्याच दिवशी पुढचे पाऊल टाकावे लागते.

आता मुख्य पेच, पोट उघडून की स्टेंट. तुमच्या भावाला स्टेंट हवा आहे आणि त्यामागची काळजी मला कळते. ६७ वर्षांच्या मधुमेही वडिलांच्या पोटावर मोठा छेद, काही काळ महाधमनी चिमट्याने बंद, अतिदक्षता विभागातले दिवस, मूत्रपिंडांवर आणि हृदयावर ताण, हे कोणत्या मुलाला नको वाटणार नाही? स्टेंटमध्ये जांघेतल्या धमनीतून कापडाचे अस्तर लावलेली जाळीची नळी आत सरकवतात आणि फुग्याच्या जागी उघडतात, रक्त नळीतून वाहू लागते आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब उतरतो. अडचण अशी की संसर्ग झालेली भिंत, तिच्या आतला पू आणि गुठळी सगळे जागच्या जागी राहते, आणि त्यात आपण एक परकी वस्तू ठेवतो. ओल मुरलेल्या भिंतीवर आतून नवा गिलावा केल्यासारखे ते असते, म्हणजे पडझड तूर्त थांबते, ओल मात्र तशीच राहते. उघड्या शस्त्रक्रियेत रोगट भिंत कापून काढता येते, भोवतालचा भाग खरवडून स्वच्छ करता येतो, आणि काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवता येतो. नवी नळी त्याच जागी बसवायची असेल तर रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकात भिजवलेली कृत्रिम नळी, रुग्णाच्याच मांडीतली खोल शीर, दात्याची जतन केलेली धमनी किंवा गाईच्या हृदयावरणापासून शिवलेली नळी असे पर्याय असतात, आणि तिच्याभोवती पोटातल्या चरबीचा जिवंत पदर गुंडाळतात, म्हणजे रक्तपुरवठा आणि औषध दोन्ही तिथे पोहोचते. संसर्ग फार पसरलेला असेल तर महाधमनी तिथे शिवून बंद करतात आणि काखेतल्या धमनीतून कातडीखालून दोन्ही पायांकडे रक्त वळवतात. त्यात नवी नळी संसर्गापासून दूर राहते, पण शिवलेले टोक पुढे फुटण्याचा धोका आणि वळवलेली नळी बंद पडण्याचा धोका मागे राहतो.

केवळ तर्काने पाहिले तर उघडी शस्त्रक्रियाच बरी असे कोणालाही वाटेल, आणि अनेक वर्षे आम्हा डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. प्रत्यक्ष आकडे मात्र अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि ते तुमच्या भावाला आणि पहिल्या शल्यविशारदांना दोघांनाही उपयोगी पडतील. युरोपातील १६ केंद्रांनी १९९९ ते २०१३ या काळात स्टेंटने उपचार केलेल्या १२३ रुग्णांची माहिती २०१४ साली प्रसिद्ध केली. एक महिन्यानंतर ९१ टक्के, एक वर्षानंतर ७५ टक्के आणि पाच वर्षांनंतर ५५ टक्के रुग्ण हयात होते. सुमारे पाचांतला एक रुग्ण पुढे संसर्गामुळेच दगावला, आणि असे मृत्यू बहुतांशी पहिल्या वर्षातले होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की कल्चरमध्ये सालमोनेलाखेरीज दुसरा जिवाणू निघालेल्यांत नंतरचे संसर्गजन्य मृत्यू अधिक होते. याचा अर्थ अण्णांना झालेला जिवाणू त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. दोन वर्षांनी स्वीडनने १९९४ ते २०१४ या काळातील पोटाच्या महाधमनीच्या १३२ रुग्णांची देशव्यापी नोंद मांडली. तिथे तीन महिन्यांनंतर स्टेंटच्या गटातले ९६ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटातले ७४ टक्के रुग्ण हयात होते, पण पाच वर्षांनंतर दोन्ही गट ५८ आणि ६० टक्क्यांवर, म्हणजे जवळपास सारखेच, आले.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगा. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत विभागणी केलेली ही चाचणी नव्हती. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवले होते, त्यामुळे दोन गट मुळातच सारखे नव्हते. तरीही एक गोष्ट मी यातून ठामपणे घेतो. स्टेंट सुरुवातीचे संकट अधिक सुरक्षितपणे पार करून देतो, पण त्याने हिशेब मिटत नाही, आणि 'चार दिवसांत घरी' हे आश्वासन ज्या सुरात दिले जाते तो सूर या आजाराला शोभत नाही. स्टेंटनंतर महिनोन्महिने औषध, वारंवार सीटी, आणि संसर्ग उफाळला तर स्टेंट काढण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढे सगळे मान्य करून जो स्टेंट सुचवतो त्याचे मत मी गंभीरपणे घेईन. ज्यांना तुम्ही अशा रीतीने विचारल्यावर राग येतो, त्यांचे घेणार नाही.

अण्णांच्या बाबतीत तराजू कोणीकडे झुकेल हे काही तपासण्यांवर ठरेल, आणि त्या झाल्या आहेत का हे पत्रातून कळत नाही. हृदयाचा टू डी इको, आणि गरज वाटल्यास अन्ननलिकेतून केलेला इको, झडपांवर संसर्ग नाही ना हे सांगतो. कंबर दुखते आहे म्हणून मणक्याचा एमआरआय हवा, कारण संसर्ग मणक्यात किंवा शेजारच्या सोअस स्नायूत उतरून तिथे पू झाला असेल तर नुसता स्टेंट घालून भागणार नाही, तो पू काढावाच लागेल. दाहाच्या जागा उजळून दाखवणारा पेट सीटी उपयोगी पडतो, विशेषतः कल्चर निगेटिव्ह असेल आणि फुगा संसर्गाचा की निव्वळ दाहाचा असा संशय असेल तेव्हा. पण रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणाऱ्या दाहातही तो उजळतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या अहवालावर निर्णय नको. अण्णांचे कल्चर पॉझिटिव्ह आहे, म्हणून त्यांच्यासाठी तो अडून राहण्याइतका आवश्यक नाही. हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद किती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) किती, साखर आटोक्यात आहे का, आणि फुग्याच्या वर स्टेंटला पकड मिळेल इतकी निरोगी धमनी शिल्लक आहे का, हे चार प्रश्न उरतात. हृदय आणि मूत्रपिंडे चांगली असतील, मणक्यात किंवा स्नायूत पू असेल, तर मी उघड्या शस्त्रक्रियेकडे झुकेन. हृदय कमजोर असेल, संसर्ग फुग्यापुरता मर्यादित असेल आणि औषधाने चांगला शमला असेल, तर स्टेंट हा सन्मान्य पर्याय आहे, त्याकडे हार मानल्यासारखे पाहू नका. फुगा फुटत असेल तर आधी जीव वाचवण्यासाठी स्टेंट घालून पुढे योग्य वेळी उघडी शस्त्रक्रिया असाही मार्ग काही ठिकाणी घेतला जातो.

तुम्ही असे करा: दोन्ही शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि संसर्गतज्ज्ञ किंवा फिजिशियन यांच्याशी शक्य तर एकाच बैठकीत बोला, आणि भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, म्हणजे त्याला तुमच्याकडून अर्धे आणि इंटरनेटवरून अर्धे कळणार नाही. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया व्हायची तिथे पूर्णवेळ व्हॅस्क्युलर सर्जन, रक्तपेढी, डायलिसिस आणि चोवीस तास चालणारी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे का ते पाहा. उघडी आणि स्टेंट दोन्ही शस्त्रक्रिया जिथे होतात तिथला सल्ला सहसा अधिक मोकळा असतो, कारण तिथे एकाच हत्याराचा आग्रह राहत नाही. हलवायची वेळ आली तर अतिदक्षतेच्या रुग्णवाहिकेतूनच हलवा, आणि सीटीची सीडी व कल्चरचा औषध-संवेदनक्षमतेसह पूर्ण अहवाल सोबत द्या. खर्चाची चिंता तुम्ही ओझरती लिहिली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार कोणत्या रुग्णालयात आणि कितपत बसतो, हे संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका घेऊन आजच विचारा. स्टेंटच्या साहित्याचा खर्च आणि पुढच्या सीटींचा खर्च वेगवेगळा लिहून मागा.

अण्णांना सांगावे का? सांगावे, आणि ऑपरेशनचे कागद समोर येण्याआधी सांगावे. संमती त्यांची आहे, तुमची किंवा भावाची नाही. ते शुद्धीवर आहेत, विचार करू शकतात, आणि पोटात थोडी सूज असलेला माणूस गणपतीला घरी जायचा हट्ट धरणारच, कारण त्याला दिलेल्या माहितीनुसार तो हट्ट वाजवी आहे. 'मुख्य रक्तवाहिनीत जंतूंमुळे फुगा आला आहे, तो फुटण्याचा धोका आहे, औषध लागू पडते आहे, आणि पुढे काय करायचे त्याचे दोन मार्ग आहेत' एवढे चार वाक्यांत डॉक्टरांच्या तोंडून, तुम्ही आणि आई शेजारी असताना, त्यांना कळू द्या. टक्केवारी त्यांनी विचारली तरच सांगा, पण विचारली तर लपवू नका. मोठ्या ऑपरेशनला ते तयार नसतील तर त्या नकारालाही निर्णयात स्थान आहे. आईला वेगळे बसवून समजावण्याची गरज लागेल. तिच्या भीतीमागे ओळखीतल्या कोणाच्या ऑपरेशनची आठवण आहे का, ते आधी ऐकून घ्या. गणपतीची पूजा या वर्षी चुलत घराण्यातल्या कोणाकडे सोपवता येईल का हे अण्णांनीच ठरवावे. घरातला एक निर्णय तरी पूर्णपणे त्यांच्या हाती राहील.

उशीर झाला का, या प्रश्नाशी तुम्ही रात्री झगडत असाल असे पत्राच्या अक्षरावरून जाणवले. ताप, पाठदुखी आणि पोटात धडधडणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेला रुग्ण फार क्वचित भेटतो. बहुतेकांत नुसता रेंगाळणारा ताप असतो, आणि पावसाळ्यात कोकणात रेंगाळणाऱ्या तापाला शंभर कारणे असतात. तुम्ही जे केले ते कोणत्याही काळजीवाहू मुलीने केले असते. चूक शोधायचीच असेल तर ती आपल्या सर्वांच्या एका सवयीत आहे, कल्चरच्या आधी प्रतिजैविक देण्याच्या, आणि तेवढ्यासाठी हे उत्तर मी इतर वाचकांनाही उद्देशून लिहितो. एकदाच केलेली विडाल चाचणी फारसे काही सिद्ध करत नाही. टायफॉइडचा नसलेला सालमोनेलाही ती पॉझिटिव्ह करू शकतो, कारण दोघांच्या आवरणातील काही घटक समान असतात. औषध सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांहून दोनतीन वेळा घेतलेले रक्ताचे कल्चर हीच खरी कसोटी आहे, आणि तरीही या आजारात सुमारे चारातल्या एका रुग्णाचे, किंवा त्याहून अधिक जणांचे, कल्चर निगेटिव्ह येते, विशेषतः आधी गोळ्या झालेल्या असतील तर. म्हणून निगेटिव्ह अहवालावर संशय सोडू नये. शस्त्रक्रिया झाली तर काढलेल्या भिंतीचा तुकडा फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नव्हे तर कल्चर, जनुकीय तपासणी आणि क्षयरोगाची चाचणी यांसाठीही पाठवायला आधीच सांगून ठेवावे. आपल्याकडे मणक्याचा किंवा गाठींचा क्षयरोग शेजारच्या महाधमनीला पोखरतो, हे विसरता येत नाही. किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी आणखी एक: पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या मधुमेही माणसाच्या कल्चरमध्ये 'सुडोमोनास' असा मोघम अहवाल आला तर तो मेलिऑयडोसिसचा (माती-पाण्यातून होणाऱ्या एका गंभीर संसर्गाचा) जिवाणू नाही ना, हे प्रयोगशाळेला खात्री करून सांगायला लावा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर चांगला नोंदवला गेलेला हा आजार कोकण-गोव्यातही होतो, तो धमनीतही बसतो, आणि त्याची औषधे व मुदत पूर्ण वेगळी आहे.

साठी ओलांडलेल्या, मधुमेही किंवा तंबाखूच्या जुन्या सवयीच्या कोणालाही जुलाब-तापानंतर आठवड्याहून अधिक ताप येत राहिला, किंवा औषध थांबवल्यावर परत आला आणि त्याला पाठदुखी-पोटदुखीची जोड मिळाली, तर पोटाची सोनोग्राफी मागून घ्या आणि महाधमनीकडे पाहायला स्पष्ट शब्दांत सांगा. सोनोग्राफीत फुगा दिसू शकतो, पण संसर्गाची चिन्हे नीट दिसत नाहीत, त्यामुळे संशय उरला तर सीटी अँजिओग्राफी करावी. मूत्रपिंडांची काळजी आहे म्हणून डॉक्टर कॉन्ट्रास्टला (सीटीसाठी शिरेतून देतात त्या द्रव्याला) कचरत असतील तर धोका आणि फायदा यांचा हिशेब मांडायला सांगा. या आजारात ती चाचणी टाळण्याची किंमत सहसा जास्त असते.

पुढचा काळ कसा असेल तेही आत्ताच सांगून ठेवतो. कोणताही मार्ग निवडला तरी शिरेतून औषध साधारणपणे किमान चार ते सहा आठवडे चालते, आणि त्यानंतर कल्चरला जुळणाऱ्या गोळ्या अनेक महिने, बहुधा सहा महिने ते वर्षभर, असतात. आत स्टेंट किंवा कृत्रिम नळी असेल तर काही रुग्णांना त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसातून एकदा देता येते, त्यामुळे प्रकृती स्थिरावल्यावर हातातून लांब नळी बसवून उरलेले डोस तालुक्याच्या रुग्णालयात घेण्याची व्यवस्था होऊ शकते. डिस्चार्जच्या आधी ती जागा, तिथली परिचारिका आणि रविवारची सोय ठरवून ठेवा. पहिल्या वर्षी सीटी आणि सीआरपी ठरलेल्या वेळी व्हायलाच हवेत, अण्णांना कितीही बरे वाटत असले तरी. घरी आल्यावर अचानक पाठीत किंवा पोटात तीव्र कळ आली, घाम येऊन चक्कर आली, थंडी वाजून ताप आला, एक पाय गार पडला, किंवा रक्ताची उलटी अथवा काळी, डांबरासारखी शौच झाली, तर तालुक्याच्या दवाखान्यात थांबून न राहता जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे निघायचे आणि वाटेतच तिथल्या पथकाला फोन करायचा. काळ्या शौचेचे मुद्दाम लिहितो, कारण महाधमनीतली नळी आणि आतडे यांच्यात छिद्र पडल्याचे ते पहिले चिन्ह असू शकते आणि घरात लोक ते आम्लपित्तावर ढकलतात. दंतवैद्यासह पुढच्या प्रत्येक डॉक्टरला अण्णांच्या आत स्टेंट किंवा नळी आहे हे सांगायचे, आणि डिस्चार्ज कार्डाची एक प्रत आईच्या फोनमध्ये व एक भावाकडे ठेवायची.

दुसरा सीटी आणि इको झाल्यावर अहवाल मला कळवा. त्यानंतर दोन शल्यविशारदांपैकी कोणाच्या बाजूला अधिक बळ आले आहे हे मी आजच्यापेक्षा स्पष्ट लिहू शकेन.